मीटर काढण्याचा अर्ज

रविवारच्या जेवणात झेराफांच्या घरी भांडण होत नसे. भांडण जेवणानंतर, कॉफीच्या वेळी होई. जेवताना नुसती त्याला धार लावली जाई. त्या रविवारी मात्र साल्वू काखेत नकाशांची गुंडाळी घेऊनच आला आणि त्याच्या बापाने, कार्मनूने, ओळखलं की आज सशाचा रस्सा सुखासुखी पचायचा नाही.

आला म्हणजे आधी दाराशी झटला. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या या काळ्या चिकण मातीवर बांधलेली घरं उन्हाळ्यात एका अंगावर झोपतात आणि हिवाळ्यात कूस बदलतात. हिवाळा सरून सप्टेंबर उजाडेपर्यंत तर एकही दार चौकटीत बसत नाही. साल्वूने आधी खांदा लावला, मग पाठ लावली, तेव्हा कुठे दार लागलं.

"बघा, पा. याला घर म्हणायचं?"

"दाराला काय धाड भरलीय? हल्लीची माणसंच जोर काढत नाहीत."

"गेल्या महिन्यात जोर काढला तर मूठ हातात आली."

"मग हात हलका ठेवायचा," कार्मनू म्हणाला आणि टेबलाच्या टोकाला आपल्या खुर्चीत बसला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला एवढं परस्परविरोधी बोलायची मुभा असते.

थोरली डोरिस आधीच येऊन पाव कापत होती. ईस्टरपासून ती भावाशी बोलत नव्हती. टोमणे मारत होती, पण ते या घरात बोलण्यात धरत नाहीत. साल्वूच्या मागून त्याची मुलगी मिकेला आत आली. तेवीस वर्षांची, इलेक्ट्रिशियन. झेराफांच्या तीन पिढ्यांतलं विजेकडे गेलेलं हे पहिलं माणूस, आणि याबद्दल तिला अजून कुणी उघड माफ केलं नव्हतं.

कार्मनूची बायको जुझा मात्र बसलेली नव्हती. तिची खरी चूल गराजमध्ये. सगळ्या शेजारासारखीच या घरातही दोन स्वयंपाकघरं: गराजमधलं रांधायला आणि आतलं दाखवायला. आतली चार बर्नरची शेगडी बावीस वर्षांची होती, पण तिच्यावर रविवारच्या कॉफीखेरीज काही चढलेलं नसल्यामुळे दुकानातून कालच आणल्यासारखी चकचकत होती. ती कॉफी करायचा मान कार्मनूचा. आजही जुझा गराजमधून पातेलं आणून ठेवत होती, पुन्हा जात होती, मॅकरोनीचा ट्रे आणत होती, आणि प्रत्येक खेपेला "बसा रे, बसा" म्हणत होती. तिला ऐंशी वर्षं झाली होती आणि बसलेली सगळी तिच्याहून तरणी होती, नवरा सोडून.

भांडणाचं मूळ एका ओळीत मावण्यासारखं होतं. हे घर पाडून त्या जागी दोन घरं उठवायची, पुढचं म्हाताऱ्यांना आणि मागचं साल्वूला, हे ईस्टरला आरडाओरडा करून का होईना ठरलं होतं. पण नव्या घराला आता गॅसची जोडणी मिळत नाही, सरकारने बंदच केलंय. म्हणजे बांधायचं तर पाडायला हवं, पाडायचं तर मीटर काढायला हवा आणि मीटर काढायचा तर ज्याच्या नावावर जागा त्याने अर्ज करायला हवा. ज्याच्या नावावर जागा होती, त्याने उभा जन्म या शहराच्या घराघरांत गॅस नेण्यात घालवला होता.

कार्मनू माल्टाहून आला तेव्हा वीस वर्षांचा होता. बोटीवरून उतरताना त्याला इंग्रजीतलं 'येस' आणि 'थँक्यू' येत होतं. कुठे कोणतं वापरायचं याचा मात्र भरवसा नव्हता. मग समुद्राच्या तळाशी गॅस सापडला. कोळशाचा जुना गॅस गेला आणि गल्लीगल्लीतून घराघरात शिरून प्रत्येक शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक तोटी, बदलायला माणसं हवी झाली. नव्या गॅसला स्वतःचा वास नसतो; कुजक्या कोबीसारखा वास त्यात मुद्दाम घालतात, म्हणजे माणसं वेळेवर पळतील. तो वास टोळीत सगळ्यांच्या आधी कार्मनूला येई. मुकादम कुलूप उघडलं की आधी त्याला आत पाठवी. टोळीने त्याचं नावच 'नाक' पाडलं. पुढे शेजारच्या बोनेल्लोंकडे बाप्तिस्म्याचं जेवण होतं, तेव्हा कार्मनू उंबऱ्यावरच थबकला, हातातला केक पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "सगळे बाहेर." बाळासकट आणि पाद्रीसकट सगळे बाहेर आले. जमिनीखालचा पाईप गंजून चाळण झाला होता. तेव्हापासून झेराफांच्या घरात वासाचा प्रश्न निघाला की कुणी आपलं मत देत नसे. कार्मनूच्या तोंडाकडे पाहिलं जाई, आणि तिथे निकाल असे.

ते नाक दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेलं.

आधी कॉफी गेली, मग चर्चमधला धूप. जिभेची चव निम्मीशिम्मी परत आली, नाक आलं नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी जुझा चर्चमध्ये मिसला गेली की तो दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावी आणि बुडबुडा येतो का पाहत बसे. चांगल्या कारागिराला नाक लागत नाही, असं तो स्वतःला बजावी. जेवायला बसलं की तो आधी बाकीच्यांचे चेहरे पाही. त्यांच्यावर 'वा' उमटलं की अर्ध्या क्षणाने आपलं 'वा' लावून देई. दोन वर्षांत तो या कामात इतका पटाईत झाला होता की जुझाचा रस्सा किंचित करपलेलासुद्धा त्याला डोरिसच्या भुवयांवरून कळे.

गॅस गेला असता तर खरं म्हणजे त्याची सुटकाच होती. नाक असलं काय, नसलं काय, कुणी विचारलं नसतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्या अर्जावर सही केली की या टेबलाशी आपल्या तोंडाकडे कुणी कशासाठी बघायचं, याचं उत्तर त्याला सापडत नव्हतं. जमीन आपण गेल्यावर पोरांचीच होती. देशाचं राजकारण त्यांना जास्त कळत होतं. हे एक राहिलं होतं.

"मी एक सुचवू?" डोरिस म्हणाली. हे तिने छताला विचारलं, कारण भावाशी अबोला होता. "एक भिंत ठेवायची. शेगडीची. ती तशीच उभी ठेवायची आणि तिच्याभोवती घर बांधायचं. मग कागदावर ते नवं घर होत नाही, जुन्याची डागडुजी होते. डागडुजीला गॅस चालतो. माझ्या ऑफिसातल्या बाईच्या दिराने केलंय."

"बाईच्या दिराचं घर वाळूवर असेल," साल्वू म्हणाला. "ही भिंत वॉलपेपरच्या आधाराने उभी आहे. कागद काढला की पडेल."

"आत्या, दोन घरं आणि एक भिंत," मिकेला म्हणाली, "मग ती भिंत कुणाच्या घरात येणार?"

"माझ्या तर येत नाही. माझं यात घरच कुठाय? मला विचारलंय का कुणी?"

ईस्टरच्या भांडणातलं खरं हाड ते होतं, आणि ते इतक्या सहज पानात आलं की कुणाला उचलता येईना.

"डोरिसचं बरोबर आहे," कार्मनू म्हणाला.

डोरिसने पावाची सुरी खाली ठेवली. बापाने चारचौघांत आपली बाजू घेतल्याचं तिला तिच्या लग्नानंतर काही आठवत नव्हतं. साल्वूने नकाशाची गुंडाळी उलगडली, मग पुन्हा गुंडाळली.

"पा, कशाचं बरोबर आहे? भिंतीचं की तिला विचारलं नाही त्याचं?"

"भिंतीचं. चांगली भिंत आहे. मी बांधलीय. आणि शेगडीला काय झालंय? आज सकाळी नॉबखालचे चारही कॉक काढले, पुसले, ग्रीस लावून बसवले. आणखी बावीस वर्षं बघायला नको."

"नन्नू, इंडक्शनवर कॉफी दोन मिनिटांत होते," मिकेला आजोबांना म्हणाली.

"दोन मिनिटांत झालेली कॉफी मला प्यायचीच नाही. इतकी घाई मला कुठे जायची आहे?"

जुझा पातेलं घेऊन आत आली. झाकण काढलं. वाफ वर गेली. कार्मनूने सवयीने चेहरे पाहिले, की आता 'वा' येईल. आलं नाही. साल्वूने नाक चोळलं आणि बापाकडे पाहिलं. मिकेलाने आजोबांकडे पाहिलं, मग बापाकडे. डोरिस बंद खिडकीकडे बघत राहिली. बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता, खिडक्या सकाळपासून लावलेल्या होत्या. कार्मनूला वाटलं, आपलं बोलणं लागलं पोरांना. बरं झालं, लागलंच पाहिजे. त्याने एकट्याने 'वा' म्हटलं आणि वाढून घेतलं.

सगळे जेवले. साल्वूने मध्येच चमचा ठेवला.

"पा, मला बरं वाटतंय असं वाटतं का तुम्हाला? हा धंदा तुम्ही शिकवलात मला. गेल्या आठवड्यात सहा मीटर काढले मी. लावला एकही नाही. लोक विचारतात, तू गॅस फिटर ना? मी म्हणतो, हो, शेवटचा. काल एका म्हातारीने मीटर काढल्यावर मला केक दिला. मयताला आलेल्यांना देतात तसा."

"मग खंत वाटत नाही?"

"वाटते. पण दार लागत नाही, पा."

उत्तर नसलं की कॉफी करायची, हा कार्मनूचा जुना नियम. तो उठला, कॉफीचं भांडं भरून शेगडीवर मांडलं आणि वरच्या फळीवरची काड्यापेटी घेतली. शेगडीला ठिणगीचं बटण होतं, पण ते बायकापोरांसाठी. फिटरने काडी ओढायची. त्याने काडी काढली, पेटीच्या कडेला टेकवली आणि 'बघा आता ज्योत कशी निळी येते' असं म्हणायला वळला.

तिघेही त्याच्याकडे बघत होते. साल्वू निम्मा उठला होता. डोरिसचा हात तोंडावर होता. मिकेलाच्या नाकपुड्या फुगलेल्या होत्या. जुझा दारात उभी होती, आणि तिने डोळे मिटले होते.

दोन वर्षं हे चेहरे वाचायची सवय नसती तर कार्मनूने काडी ओढली असती. त्याने ती टेबलावर ठेवली. पेटी ठेवली. मग जे त्याने या घरात कधीच कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"वास कुणाला येतोय?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"मी विचारतोय."

"मला," साल्वू म्हणाला. "आल्यापासून."

"मलाही," मिकेला म्हणाली.

"मला वाटलं माझंच नाक फिरलंय," डोरिस म्हणाली.

"मग बोलला का नाहीत? साल्वू, तू परवान्याचा माणूस. तू का बोलला नाहीस?"

साल्वूने असं पाहिलं, जणू प्रश्नच त्याला कळला नव्हता. "तुम्ही बसला होतात ना, पा."

जुझा एव्हाना बाहेर गेली होती. मागचं दार वाजलं, गराजजवळ लोखंडावर लोखंड खटकलं आणि ती परत आली ती हातात छोटा पाना घेऊन. "मीटरवर बंद केलाय. खिडक्या उघडा. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका." आणि ती बसली. त्या दिवशी पहिल्यांदा बसली.

डोरिसने आणि मिकेलाने खिडक्या ढकलल्या. एक अर्थातच अडकली. ती मिकेलाने लाथ मारून उघडली. गार वारा आत आला आणि टेबलावरची नकाशाची गुंडाळी घरंगळत खाली गेली.

"मा," साल्वू म्हणाला, "तुला मीटरचा कॉक इतक्या झटक्यात बंद करता कसा आला? मला दोन हातांनी फिरवावा लागतो."

"हाताला वळण लागलंय. दोन वर्षं रोज निजायच्या आधी बंद करते, मिसला जाताना उघडते."

"का?"

"ते मी नाही सांगणार. ज्याचं त्याने सांगावं."

कार्मनू शेगडीला पाठ टेकवून उभा होता. बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची टेबलाच्या टोकाला होती आणि तिथवर जायचं म्हणजे सगळ्यांच्या पुढून जायला हवं होतं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "तापापासून. काहीच येत नाही."

साल्वूने खाली गुडघे टेकून शेगडीचे नॉब एकेक करून काढले आणि कॉक बोटाने चाचपले. दुसऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"हा पूर्ण बसलेला नाही. जरासा उघडा राहिलाय."

"मी साबण लावला होता. सगळ्या जोडांना. एक बुडबुडा नाही आला."

"जोड चांगलेच आहेत, पा. गॅस कॉकमधून निसटून बर्नरमधून बाहेर पडतोय. तिथे साबण काय सांगणार? तिथे—" तो थांबला.

"तिथे नाक लागतं," कार्मनू म्हणाला. "हे मीच तुला शिकवलं. तू सोळा वर्षांचा होतास."

"पंधरा."

मिकेलाने आजोबांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत आणून बसवलं. कार्मनूने बायकोकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"तू चर्चमध्ये धूपदाणी पुढ्यातून गेली तरी शिंकला नाहीस, तेव्हाच कळलं. पन्नास वर्षं शिंकत आलास."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तू म्हणशील म्हणून वाट पाहिली." जुझाने पाना मांडीवर धरला होता. "आणि आज पातेलं घेऊन आत आले तेव्हा मलाही आला वास. पहिल्याच खेपेला. वाटलं, साल्वू आहे, साल्वू बोलेल. साल्वू बोलला नाही. मग वाटलं, मी बोलले तर पोरांसमोर याचं नाक जाईल. म्हणून रस्सा वाढला. नातीला वाढला, कार्मनू. ती गॅसमध्ये बसून जेवली आणि मी तिला विचारलं, आणखी घेतेस का." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "उद्या कन्फेशनला जाईन तेव्हा पाद्रीला हे कोणत्या पापात बसवून सांगू, ते मला कळत नाही."

शेवटी डोरिसने घसा साफ केला. ती भावाच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. कधी बसली ते तिलाही कळलं नसावं.

"हे बघा, पा, यात एवढं काही नाही. यंत्र मिळतं. भिंतीला लावायचं. गॅस सुटला की ओरडतं. भिंत ठेवायचीच आहे आपल्याला, तिलाच लावू."

"मिळतं," साल्वू म्हणाला. "चांगलं असतं. मी लावून देतो." बापाची बाजू घ्यायला बहीण-भाऊ इतक्या दिवसांनी एक झाले होते, आणि ते नेमकं चुकीच्या वेळी.

"नको," कार्मनू म्हणाला. "या घरात असं यंत्र होतं. सगळे त्याच्यावर विसंबून होते. ते ओरडलं नाही म्हणून आज सगळे मुकाट जेवले. उद्या भिंतीवरचं गप्प बसलं की तुम्ही पुन्हा तसेच जेवाल." त्याने हात पुढे केला. "मिकेला, तो अर्ज तुझ्या फोनवर आहे ना? काढ."

"नन्नू, आज नको. उद्या करू."

"उद्या मी पुन्हा कार्मनू होईन. आजच काढ."

मिकेलाने बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली. तिने फोन काढला आणि अंगणात जाऊन उभी राहिली, कारण आत अजून कशाची ठिणगी नको होती. मग सगळ्यांनीच खुर्च्या उचलल्या आणि बाहेर नेल्या. जुझाने पाव आणि चीज आणलं. रश्श्यासाठी पाळलेले ससे त्यांच्या खुराड्यात हलले. रविवारी एवढी माणसं त्यांच्याकडे आलेली त्यांना आवडत नसे, आणि त्यांचं चूक नव्हतं.

"पत्ता भरला," मिकेला म्हणाली. "मीटर क्रमांक भरला. आता कारण. चार आहेत, त्यातलं एक निवडायचं. पाडकाम. नवं बांधकाम. वापर नाही. इतर."

"पाडकाम टाक," साल्वू म्हणाला.

"इतर," कार्मनू म्हणाला.

"इतर टाकलं तर काय ते लिहावं लागतं, नन्नू."

"लिही मग. घरमालकाला वास येत नाही."

डोरिस पुढे झाली. "पा, हे कशाला? हा अर्ज त्या ऑफिसात जाणार. तिथे तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत अजून. एकजण वाचेल आणि दुपारपर्यंत साऱ्या पश्चिम मेलबर्नला कळेल. पाडकाम म्हटलं तरी मीटर निघतोच की."

"निघतो," कार्मनू म्हणाला. "पण तो माझ्यामुळे निघतोय. मातीमुळे नाही."

जुझाने त्याच्या हातात पावाचा तुकडा दिला. त्याने तो घेतला आणि नुसता धरून ठेवला. मिकेलाने अंगठ्यांनी लिहिलं. तिला फार वेळ लागला नाही, वाक्य लहान होतं.

"अर्जदाराचं नाव?"

"कार्मनू झेराफा. गॅस फिटर. परवाना क्रमांक एक, सात, शून्य, चार."

मिकेला थांबली. "नन्नू, इथे फक्त नाव विचारलंय. परवान्याला जागाच नाहीये."

कार्मनूने मान डोलावली, ठीक आहे म्हणाला, आणि सशांकडे पाहू लागला.

"नावाच्या पुढेच लिही," साल्वू म्हणाला. तो अंगणात उकिडवा बसून हाताचं ग्रीस गवताला पुसत होता आणि त्याने वर पाहिलं नाही. "मावेल."